थोरली, मधली, धाकटी

१२ नोव्हेंबर, बुधवार

ऑइलच्या कंपनीने जानेवारीत गॅरेजला दिलेली डायरी अजून कोरी होती. आमच्याकडे दरवर्षी अशा तीन-चार येतात आणि अनिस त्यांची पानं फाडून हात पुसतो. म्हटलं, या वर्षी एक तरी भरू. मी सांगणार, मंतशा लिहिणार. मला अक्षर येत नाही. सही मागितली की अंगठा देते. अंगठा मात्र असा ठसठशीत उमटतो की बँकेतल्या मुलीने एकदा कौतुक केलं होतं.

मंतशा माझी नात. अनिस माझा मुलगा, सादिका सून. शोएब नातू, मंतशाहून मोठा, अकलेने नव्हे. मोशी-चाकण रस्त्याला खाली गॅरेज आणि वर आम्ही. शोएब बापाच्या हाताखाली, मंतशा महाळुंग्याच्या एका कारखान्यात तपासणी खात्यात. गॅरेजच्या पाटीवर अजून माझ्या नवऱ्याचंच नाव आहे, मीरासाहेब ऑटो. ते जाऊन वर्षं झाली तरी जुनं गिऱ्हाईक फोन करून विचारतं, मीरासाहेब आहेत का. मी सांगते, आहेत, पण जरा लांब आहेत.

घरात आम्ही आमची खिचडी भाषा बोलतो. डायरीत मराठी, कारण मंतशा मोशीच्या मराठी शाळेत शिकली आणि तिला तीच नीट लिहिता येते. लिहून झालं की तिने रोज वाचून दाखवायचं असं ठरलंय. मला वाचता येत नाही म्हणून माझ्या तोंडी काहीही घालेल, तसं चालायचं नाही. आवाजावरून मी ओळखते. खोटं बोलताना मंतशाचा आवाज जरा गोड होतो.

आज रविराजने त्याच्या तिन्ही गाड्या गॅरेजात आणून लावल्या. माझं डोकं तेव्हापासून दुखतंय.

१५ नोव्हेंबर, शनिवार

रविराज हा मोशीच्या नानासाहेबांचा नातू. नानासाहेबांचा ऊस होता तिथे आता सोसायटीचा पोहण्याचा तलाव आहे. आजोबाने बैल पाळले, बापाने जेसीबी पाळले, हा या गाड्या पाळतो.

तिन्ही एकाच नावाच्या, जपानी. नाव माझ्या जिभेवर बसत नाही. डोंगरात, चिखलात शर्यती मारायलाच ती गाडी मुळात बनवली म्हणे, आणि लोकांना विकता यावी म्हणून मागाहून तिला मागची सीट दिली. पुढे दर काही वर्षांनी तिचीच सुधारून नवी काढली. मी त्यांना थोरली, मधली आणि धाकटी म्हणते. थोरली पांढरी, मधली निळी, धाकटी लाल.

"दादी, पहिली पिढी, दुसरी पिढी असं म्हणतात," शोएब म्हणाला.

"मग मी काय वेगळं म्हणतेय?"

जानेवारीत नाशिककडे रॅली आहे. तिघींपैकी एक रविराज उतरवणार, आणि चालवणार आमचा शोएब. कुठली उतरवायची हे ठरवण्यासाठी तिघींना एकाच रस्त्यावर पळवून बघायचं. भामा नदीच्या पलीकडे डोंगराच्या अंगाने एक कच्चा रस्ता आहे, तो गावाला सांगून रविवारी सकाळी बंद करून घेतात.

शोएबच्या शेजारी किसन बसणार, त्याचा दोस्त. शेजारच्याचं काम काय, तर पुढचं वळण कसं आहे ते आधी लिहून आणलेल्या टिपणावरून मोठ्याने वाचायचं. टेकाडापलीकडचं दिसत नाही तरी गाडी तशीच सुटलेली असते. चालवणारा म्हणे डोळ्यांपेक्षा कानांनी चालवतो.

म्हटलं, "म्हणजे आंधळ्याची काठी."

"काठी चुकली तर आंधळा थांबतो, दादी. इथं थांबायला मिळत नाही."

असं सांगतात का म्हातारीला?

घरात एक कायदा आहे आणि तो माझा आहे. शोएब आणि मंतशाने एका गाडीत बसायचं नाही. लग्नाला जायचं असेल तर एक बापाबरोबर मोटारसायकलवर, दुसरी आईबरोबर एसटीने. सगळे हसतात. हसू देत. हायवेला गॅरेज असलं की टोचन लावून ओढत आणलेल्या गाड्या दारात उभ्या राहतात. माणसं तोवर दवाखान्यात गेलेली असतात. गाडीत फक्त चपला असतात. कधी एक जोड असतो, कधी घरातल्या सगळ्यांचे. त्या मी पाहिल्यात.

२३ नोव्हेंबर, रविवार

आज रविराजने मला तिघींत बसवून फिरवलं.

"आज्जी, तुमी सांगायचं, कंची घ्यायची."

"मी? अरे, मी रिक्षात बसले तरी डोळे मिटते."

"मग मिटूनच सांगा की."

थोरलीचं दार लागलं तेव्हा पत्र्याच्या पेटीचं झाकण पडल्यासारखा आवाज झाला. सीट खुर्चीसारखी, बसता-उठता येतं, एवढं तिच्या बाजूने. रविराजने पाय दाबला आणि काहीच झालं नाही. मी विचारणार होते, बंद पडली का, तेवढ्यात कोणी मागून ढकलल्यासारखी सुटली. "ही आधी श्वास घेती," रविराज म्हणाला. म्हटलं, मीपण घेते, जिन्याच्या मधल्या पायरीवर. रस्त्यातला एकूण एक खड्डा तिने माझ्या कमरेला नावानिशी सांगितला.

मधलीच्या पाठीवर मोठी आडवी फळी आहे, दोन चादरी वाळतील एवढी. सीट अशी की बसल्यावर दोन्ही बाजूंनी धरून ठेवते. ही पण श्वास घेते, पण चट्‌दिशी. वळणावर मागचा भाग जरा घसरला, मी कलमा म्हणायला घेतला, तोवर ती आपली आपण सरळ झाली. खड्डा सांगते, पण ओरडत नाही.

धाकटीचं दार लागलं आणि बाहेरचं जग गप्प झालं. गिअरचा दांडाच नाही. स्टिअरिंगच्या मागे दोन पट्ट्या आहेत, हरणाच्या कानांसारख्या, त्या बोटाने ओढायच्या. रविराजचा पाय हलताना मी पाहिला नाही आणि आम्ही पेट्रोलपंपाच्या पुढे गेलेलो. खड्डे लागलेच नाहीत. विचारलं, गेले कुठे? तो म्हणाला, "ती गिळती."

परत आल्यावर अनिसही बाहेर आला. सगळ्यांना माझा निकाल हवा होता. मी सांगितलं, थोरली बोलते फार आणि ऐकते कमी. मधली बोलते आणि ऐकते. धाकटी लगेच ऐकते आणि बोलत काहीच नाही. अशा माणसाच्या शेजारी मी बसत नाही.

"म्हंजी कंची?"

"थोरली. म्हातारं माणूस सावकाश जातं."

अनिस हसला. "अम्मा, हिचे ब्रेक जुने आहेत. ही सावकाश जात नाही. ही उशिरा थांबते."

जुनं ते भरवशाचं, असं मी आजवर धरून चालले होते, निदान स्वतःपुरतं.

२६ नोव्हेंबर, बुधवार

सकाळी या घरात माझ्या तोंडी एकच शब्द असतो. आवर. अनिस, आवर, गिऱ्हाईक आलं. शोएब, आवर, दुपार झाली. मंतशा, आवर, कंपनीची बस येईल. सादिका आज म्हणाली, "अम्मा, तुम्ही जीभ आवरा, बाकीचं आम्ही आवरतो." सून चांगली मिळाली म्हणतात ती अशी.

मंतशाला काहीतरी झालंय. कणीक मळताना पुटपुटत होती, "उजवं चार, लांब. चढ, आंधळं. डावं दोन, आवर."

"काय गं हे?"

"व्यायाम आहे, दादी. मोबाइलवर बघून."

"त्यात आंधळं काय?"

"डोळे मिटून करायचा असतो."

आवाज गोड होता. हे लिहिताना ती थांबली, म्हणून पुन्हा सांगते. आवाज गोड होता.

लहानपणीही ही दोघं अशीच. पलीकडच्या आमराईत कैऱ्या पाडायला जायची. एक झाडावर, एक पहाऱ्याला. पहाऱ्यावरचा नुसता "दादी" म्हणाला की झाडावरचा जिथल्या तिथे गार. मी आलेली असो की नसो. अजून खाली गॅरेजात हसणं-खिदळणं चाललेलं असतं, कोणीतरी "दादी" म्हणतं आणि पाने-हातोड्या आपटल्याचे आवाज सुरू होतात. इतकी वाईट आहे का मी?

३० नोव्हेंबर, रविवार

आज थोरली आणि मधली पळवली. मी सकाळपासून गॅलरीत, हातात तसबीह. मणी पुढे सरकत होते आणि मन भामेच्या पलीकडे.

तेवढ्यात खाली बघते तर गाड्यावर किसन वडापाव खातोय.

"किसन, तू इथे? मग शोएबला वाचून कोण दाखवतंय?"

तो ठसकला. "दादी, मला चालत्या गाडीत वाचलं की उलटी होते. पहिल्याच दिवशी झाली. आता दुसरा एक मिळालाय. आवाज खणखणीत."

"कोण?"

"कंपनीतला आहे." एवढं म्हणून अर्धा वडा टाकून गेला.

शोएब दुपारी आला, धड होता. अल्लाचे उपकार. मधली थोरलीपेक्षा पुष्कळ लवकर पोचली म्हणे. पुढच्या रविवारी धाकटी. मंतशाचा आज ओव्हरटाइम होता. थकून आली, केसांत लाल धूळ. म्हटलं, कंपनीत कसली धूळ? म्हणाली, दुरुस्ती चाललीय. असेल.

७ डिसेंबर, रविवार

आज सादिका लिहितेय. मंतशाचा उजवा हात मुरगळलाय, पट्टी बांधून आली. कंपनीच्या जिन्यात पडले म्हणाली.

शोएबचीही आज गाडी गेली. धाकटी. वळणावरून सुटली आणि कडेच्या ओढ्यात उतरली. ओढा कोरडा होता. शोएबला काही नाही. शेजारच्याला थोडं लागलं म्हणतो. दोन्ही पोरांवर एकाच दिवशी बेतावं, सादिका म्हणते नजर लागली.

संध्याकाळी दोघं गॅलरीत भांडत होती.

"मी आवर म्हणाले होते."

"आवरच म्हणालीस, म्हणून तर दाबली."

"दाबायची नव्हती, आवरायची होती."

सादिका पेन थांबवून विचारते, काय आवरायचं होतं? मी सांगितलं, घर. लिही, घर.

सादिकाचं अक्षर सुंदर आहे असं सगळे म्हणतात. सादिकाचं सगळंच चांगलं असतं. हे तिने मला सांगायला लावलेलं नाही.

९ डिसेंबर, मंगळवार

सादिकाच लिहितेय. धाकटी टोचन लावून दारात आली. मी खाली जायचं नाही असं ठरवलं होतं आणि गेले. डाव्या बाजूचं दार आत गेलंय, शेजारी बसणाऱ्याचं. अनिस त्या दाराला हात लावून उभा होता.

म्हणाला, "थोरली असती तर उचलायलाच वेळ लावला असता, तेवढ्यात शोएबला चूक कळली असती. मधलीनेही जरा सवड दिली असती. हिला सांगितलं की झालंच." मग म्हणाला, "शेजारचा नशिबाचा."

मी आत वाकून चपला बघितल्या. नव्हत्या. बूट घालून बसतात.

मंतशाला तेल मी लावते आहे. सादिकाने स्वयंपाकाकडे बघावं. तिला हे आवडलं नाही, तरी तिने ते लिहिलं, म्हणजे मनाने मोठी आहे.

१६ डिसेंबर, मंगळवार

आज पेन पुन्हा मंतशाच्या हातात. तर मंतशा, लिही.

कंपनीच्या जिन्यात पडलेल्या माणसाच्या दोन्ही खांद्यांवर गाडीच्या सीटच्या पट्ट्यांचे वळ उठत नाहीत. थांबू नको, लिही. तेल मी लावलंय, वळ मी पाहिलेत. त्या दिवशी तुझी आई लिहीत होती म्हणून बोलले नाही. किसन रविवारी वडापाव खातो आणि तुझा त्याच रविवारी ओव्हरटाइम असतो. भामेकडची माती लाल आहे, महाळुंग्याच्या कारखान्यात फरशी आहे. शोएबच्या शेजारी माझी नात बसते. लिहिलंस? वाचून दाखव.

तिने वाचलं. आज आवाज गोड नव्हता.

म्हणाली, "दादी, किसन 'डावं' म्हणाला की शोएब आधी खिडकीबाहेर बघतो, खरंच डावं आहे का. मी म्हटलं की तो वळतो. बघत नाही. त्या एका क्षणावर सगळं असतं."

"आणि मी घातलेला कायदा?"

"तो माहीत होता म्हणून तर सांगितलं नाही."

मग ओढ्याचं विचारलं. टिपणं त्यांनी मराठीतच केली होती, आधी बाजू, मग आकडा, आकडा जितका लहान तितकं वळण वाईट. मराठीत, कारण इंग्रजी ऐकून, समजून, वळेपर्यंत वळण मागे जातं. जिथे वेग ओढून धरायचा तिथे तिने एक शब्द ठरवला होता. आवर. बैल आवर, गाडी आवर, तसं. पण शोएबला समज आल्यापासून त्याने तो शब्द रोज सकाळी माझ्या तोंडून ऐकलाय, आणि माझ्या तोंडी त्याचा अर्थ एकच, लवकर कर. दोन्ही जुन्या गाड्यांत तो शब्द ऐकून त्याचा पाय आधी चुकीचाच पडायचा म्हणे, पण गाडी उचलेपर्यंत त्याला आठवायचं आणि तो ब्रेकवर यायचा. मंतशाला वाटायचं, जरा उशिरा ऐकतो. धाकटीत उशीर चालत नाही. तिने म्हटलं आवर, आणि त्याने आवरलं, माझ्यासारखं.

म्हणजे माझाच शब्द ओढ्यात घेऊन गेला दोघांना. मिट वही.

१९ डिसेंबर, शुक्रवार

तीन दिवस झाले, मी तो शब्द तोंडातून काढलेला नाही. मंतशाची बस दोनदा चुकली. अनिसने काल बाराला शटर उघडलं. आज जुम्म्याला शोएब निम्मी नमाज झाल्यावर पोचला. सादिका माझ्या कपाळाला हात लावून गेली, ताप आहे का बघायला.

झोप लागत नाही. अनिसला सांगितलं तर रॅली इथेच संपते, आणि पोरं मला माफ करतील, पण विसरणार नाहीत. न सांगता जाऊ दिलं आणि काही झालं, तर दारात जी गाडी येईल तिच्यात वाकून मीच बघणार. मंतशाला विचारलं, नाही गेलीस तर? म्हणाली, "तर तो किसनला घेऊन जाईल. किसन वाचेल आणि तो खिडकीबाहेर बघेल."

हे तिने मला घाबरवायला म्हटलं नव्हतं. म्हणून जास्त भीती वाटली.

दुसरा शब्द ठरवलाय म्हणते. कुठला ते सांगत नाही. "तू चिडशील." आता शब्दावरून चिडण्यासारखं माझ्यात काय उरलंय?

२८ डिसेंबर, रविवार

कायदा माझा होता. मोडायचा तर मीच मोडायला हवा, पोरांनी चोरून नव्हे. जेवणं झाल्यावर सगळ्यांना बसवलं आणि सांगितलं.

सादिका उठून उभी राहिली. "दोघं? एका गाडीत? आणि तुम्हाला माहीत होतं?"

"माहीत झालं."

"त्या दिवशी मी विचारलं काय आवरायचं होतं, तर तुम्ही मला 'घर' लिहायला लावलं. माझ्याच हाताने."

ती म्हणाली, "माझी दोनच आहेत, अम्मा." आणि आत गेली. मला आजवर तिने बोललेल्यापैकी हेच एक वाक्य टोमण्याशिवायचं.

अनिस शोएबकडे वळला. मला वाटलं, आता हात उचलतो. त्याने विचारलं, "कुठली गाडी?"

"मधली, अब्बा. धाकटी दुरुस्त झाली तरी नको. ती माझ्यापेक्षा हुशार आहे."

अनिस चावी घेऊन खाली गेला. थोड्या वेळाने जॅकचा आवाज आला. मी गॅलरीतून पाहिलं. निळीची चारही चाकं काढलेली आणि तो डाव्या सीटचे पट्टे सोडवत होता. नवे आणून घालणार म्हणे. हो म्हणाला नाही. नाही म्हणाला नाही.

९ जानेवारी, शुक्रवार

नवी डायरी, बॅटरीवाल्यांची. कागद आधीच्यापेक्षा बरा आहे, असं मंतशा म्हणते. शाई पसरत नाही.

आत्ता निघतायत. मधली ट्रकवर चढवलीय, दोरखंड बांधलेत, एखाद्या नवरीला घेऊन चालल्यासारखी. रविराज, अनिस, दोन्ही पोरं. सादिकाने डबा दिला आणि मंतशाच्या गळ्यात तावीज घातला, माझ्याकडे न बघता.

शोएबची बॅग उघडीच, बूट सापडत नाही, ट्रकवाला हॉर्न देतोय. शब्द माझ्या जिभेवर आला आणि मी गिळला. शोएबने पाहिलं.

"म्हण की दादी. इथं चालतं."

म्हटलं नाही. मंतशा उभ्या-उभ्या हे लिहितेय. बास, जा. वाचून दाखवू नकोस आता.

१० जानेवारी, शनिवार

सादिका लिहितेय. ती माझ्याशी बोलत नाही, पण लिहिते. मी सांगते ते लिहावंच लागतं, त्यामुळे एका बाजूने का होईना बोलणं चालू आहे.

रॅली सकाळी सुरू झाली असेल. भाकरी करपली. दुसरी पण करपली. दळणवाली येऊन गेली, तिला आम्ही दोघींनी दोन वेगवेगळे आकडे सांगितले. सादिकाने गच्चीवरचे वाळलेले कपडे पुन्हा धुतले. मी तसबीहचा दोरा तोडला, मुद्दाम नव्हे. मणी पलंगाखाली गेले ते आम्ही दोघी गुडघ्यावर बसून शोधत होतो. सादिका पलंगाखालून म्हणाली, "अम्मा, तुम्ही माझ्या जागी असता तर?"

"तुझ्या जागी मी होते. मीरासाहेब उसाच्या ट्रकखाली जॅक लावून झोपायचे."

"मग काय करायचात?"

"भाकरी करपवायचे."

ती हसली नाही, पण मणी माझ्या हातात दिले.

फोन वाजला तेव्हा दोघींनीही उचलला नाही. पुन्हा वाजला. अनिस. "झालं. दोघं ठीक."

सादिकाने विचारलं, "कितवे?"

"ते नंतर. दोघं ठीक."

सादिका आता लिहिता लिहिता रडतेय. पानावर पडू देऊ नको. कागद चांगला आहे.

१२ जानेवारी, सोमवार

मंतशा परत आली आणि पेन तिच्याकडे आलं. त्यांच्या गटात चौथे आले. पहिल्या तिघांकडे धाकटीसारख्या नव्या गाड्या होत्या म्हणे. रविराज म्हणतो, "पुढच्या वर्षी धाकटीलाच तयार करू." अनिसने त्याला चहा दिला.

संध्याकाळी शोएबने मोबाइल टीव्हीला जोडला. गाडीत पुढे कॅमेरा होता. माणसं दिसत नाहीत, फक्त रस्ता अंगावर येतो. आणि मंतशाचा आवाज. हा आवाज मी रोज ऐकते. तोच, फक्त कंबर बांधलेला.

"उजवं चार, लांब. चढ, आंधळं. दादी. डावं दोन."

मी म्हटलं, "काय?" सगळे टीव्हीकडे बघत होते, जरा जास्तच निरखून.

"सरळ, मोठं. दादी. उजवं एक, खडी. दादी, दादी. डावं दोन, कडा."

प्रत्येक वाईट वळणाच्या आधी माझं नाव. आणि नाव निघालं की गाडी नाक खाली घालून दबकायची, दूध पिताना पकडलेल्या मांजरासारखी. कड्याच्या जागी तर शोएबने असं आवरलं की टीव्हीसमोर बसलेली मीच पुढे झुकले. खाली दरी दिसली आणि मागे गेली.

सादिका म्हणाली, "बघा अम्मा, गाडीसुद्धा तुम्हाला घाबरते."

"गाडी घाबरते. घरातलं कोण घाबरतंय?"

एक गोष्ट माझ्या लक्षात आली. सरळ रस्त्यावर माझं नाव एकदाही नाही. तिथे कोणाला दादी आठवत नाही. बरोबर आहे.

मंतशा विचारतेय, चिडलीस का. लिही, चिडले. म्हाताऱ्या बाईचं नाव असं धुळीत ओरडत फिरायचं नसतं. आणि कायदा उद्यापासून पुन्हा चालू. लग्नाला एक मोटारसायकलवर, एक एसटीने. फक्त त्या शर्यतीच्या गाडीत मी काही म्हणणार नाही. तिथे मी तशीही असतेच.

आता शेवटचं. मंतशाची उद्या पहिली शिफ्ट आहे, बस पहाटे येते आणि अजून डबा भरलेला नाही, इस्त्री नाही. डायरी मिट आणि आवर.

कुठलं म्हणून काय विचारतेस? घाईचंच.